शहर सुटले, पण ‘माझे’ सुटले का?



नोकरीची दोन-तीन वर्षे उरली, की मुंबई-पुण्याच्या अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. आता या गर्दीत राहायचे कशाला? कोकणात चार गुंठे घ्यावेत, गावाकडचे पडके घर उभे करावे, नाहीतर एखाद्या क्षेत्री दोन खोल्या पाहाव्यात. सकाळी देवळातली घंटा ऐकावी, नदीवर जावे, नामस्मरण करावे. आपल्या सत्संगातही हा प्रश्न वारंवार येतो: “आता क्षेत्री जाऊन राहिलो, तर साधना चांगली होईल ना?”

ही इच्छा चांगलीच आहे. आपल्या परंपरेने तिला आश्रमव्यवस्थेत मानाचे स्थान दिले आहे. केस पिकले, अंगावर सुरकुत्या आल्या, नातवंडाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाकडे वळावे, असे स्मृतिकार सांगतात. पत्नीला मुलांकडे ठेवावे किंवा बरोबर न्यावे, हेही सांगायला ते विसरत नाहीत. वानप्रस्थ म्हणजे घरातून पळ काढणे नाही. हातातल्या किल्ल्या पुढच्या पिढीला देऊन, सर्वांना सांगून-सवरून उचललेले ते पाऊल आहे.

तामिळनाडूतील कुंभकोणम् हे असे मन ओढून घेणारे गाव. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये ते वसले आहे. आदिकुंभेश्वर, सारंगपाणी, नागेश्वर, रामस्वामी अशी एकाहून एक मंदिरे. पहाटे दारापुढे सडा घालून रेखलेले कोलम, जुन्या घरांच्या ओसऱ्या, पितळी वाटीतली कॉफी. चेन्नईसारख्या शहरात उमेद घालवलेली माणसे निवृत्तीनंतर इकडे येऊन राहतात, यात नवल नाही.

आपण मराठी माणसांनाही हा परिसर परका नाही. गुरू सिंह राशीत आला, की आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. त्याच काळात मासी महिन्यात मघा नक्षत्रावर कुंभकोणम् येथे महामहम् होते. मागचे महामहम् २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झाले. त्या दिवशी भारतातील सर्व पवित्र नद्या तिथल्या तलावात येतात, अशी श्रद्धा आहे. जवळच्या गोविंदपुरम् येथे नामसिद्धान्ताचे आचार्य बोधेंद्र सरस्वती यांची समाधी आहे, आणि त्याच गावात २०११ साली प्रतिष्ठापना झालेले विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर आहे. कावेरीच्या काठी विठ्ठलाचा गजर ऐकू येतो!

पण या परिसराची खरी शिकवण जवळच्या तिरुविसनल्लूर गावात आहे. व्यंकोजीराजांचे पुत्र, तंजावरचे शहाजीराजे यांनी १६९३ साली हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. तेथे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ नावाचे सत्पुरुष राहत. त्यांच्याबद्दल एक कथा सांगतात. घरी वडिलांचे श्राद्ध होते. स्वयंपाक तयार होता, पण ब्राह्मण अजून जेवायचे होते. दारात एक उपाशी माणूस आला. गावाने ज्याला अस्पृश्य मानले होते, असा तो होता. अय्यावाळांनी श्राद्धाचे अन्न त्याला वाढले. गाव संतापले. “गंगास्नान करून या, तरच तुमच्या घरी श्राद्ध करू,” असे त्यांना बजावले. कुठे कावेरी आणि कुठे गंगा! अय्यावाळांनी गंगेची प्रार्थना केली आणि गंगा त्यांच्या घरातल्या विहिरीतून उसळून वर आली. आजही तमिळ कार्तिकै महिन्याच्या अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करायला लोक गर्दी करतात.

या कथेत गंगा कोणाकडे आली, ते पाहा. सगळे गाव शास्त्र जाणणारे होते, सगळे पवित्र नदीच्या आसऱ्याने राहत होते. गंगा मात्र ज्याने दारातला भुकेला माणूस ओळखला, त्याच्या विहिरीत आली. म्हणजे क्षेत्री राहून क्षेत्र मिळतेच असे नाही. ते माणसाच्या वागण्यातून उगम पावते.

आता भागवतातील भरतराजाची गोष्ट आठवा. त्याने राज्य मुलांना वाटून दिले आणि गंडकीच्या काठी पुलहाश्रमात एकटा राहू लागला. आजच्या भाषेत, त्याची निवृत्ती अगदी आदर्श होती. एके दिवशी नदीत पडलेले हरणाचे पोरके पाडस त्याने वाचवले. ती करुणाच होती. पण पुढे ते पाडस ‘माझे’ झाले. ते कुठे गेले, त्याने खाल्ले का, याच चिंतेत जप राहिला, पूजा राहिली. अंतकाळीही डोळ्यांपुढे हरीणच होते आणि पुढचा जन्म हरणाचाच आला. ज्याला राज्य बांधू शकले नाही, त्याला एका पाडसाने बांधले.

आपले पाडस कोणते, हे ज्याने त्याने तपासावे. कोणी नदीकाठी बसून मोबाईलवर शेअर बाजार पाहतो. कोणी मुंबईच्या फ्लॅटचा भाडेकरू, सोसायटीचे वाद आणि सुनेच्या स्वयंपाकघराची काळजी सोबत घेऊन आलेला असतो. सामान ट्रकने येते, ‘माझे’पण मनातून येते. त्याला भाडेही लागत नाही.

म्हणून शहर सोडण्यापूर्वी काही गोष्टी कराव्यात.

पहिली, घरात बोलावे. याज्ञवल्क्य घर सोडायला निघाले तेव्हा मैत्रेयीला समोर बसवून बोलले, तिच्या प्रश्नांना उत्तरे दिली. अनेकदा गावाकडे जाण्याचे स्वप्न एकाचे असते, आणि चाळीस वर्षांच्या मैत्रिणी, भजनी मंडळ, नातवंडे सोडण्याचे दुःख दुसऱ्याच्या वाट्याला येते. जोडीदाराच्या डोळ्यांत पाणी ठेवून मिळवलेली शांती टिकत नाही.

दुसरी, घर विकण्याची घाई करू नये. एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने राहून पाहावे. रात्री-अपरात्री दवाखाना किती दूर आहे, दोघांपैकी एकच मागे उरला तर काय, याचा शांतपणे विचार करावा. हा अविश्वास नाही. वैराग्याला विवेकाची जोड हवीच.

तिसरी, जिथे जाऊ तिथे पाहुण्यासारखे राहू नये. तेथील भाषा शिकावी, शेजाऱ्याच्या सुखदुःखात जावे, आयुष्यभर कमावलेले ज्ञान गावातल्या मुलांना द्यावे. फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद कुंभकोणमला आले, तेव्हा वेदान्तावर बोलताना त्यांनी आत्मश्रद्धा आणि सामर्थ्य यांवर भर दिला. निवृत्ती नोकरीतून असते, कर्तव्यातून नसते.

चौथी, साधना आजच सुरू करावी. लोकलच्या गर्दीत ज्याला नाम आठवत नाही, त्याला नदीकाठीही झोपच येईल.

आणि ज्यांना जाणे शक्य नाही, आजारपण आहे, पैसा नाही, नातवंडे सांभाळायची आहेत, त्यांनी खंत करू नये. अय्यावाळ काशीला गेले नव्हते. दहा बाय दहाच्या खोलीतही पहाटेची अर्धी घटका आपली असते, आणि दारात कोणीतरी भुकेला उभा असतोच. कोणी अन्नाचा, कोणी दोन शब्दांचा.

आज रात्री निजण्यापूर्वी आपले एक पाडस ओळखू या, आणि उद्या दारात येणाऱ्या एका माणसाला रिकामे पाठवणार नाही असा संकल्प करू या. मग पत्ता मुंबईचा असो, कोकणातला असो की कुंभकोणमचा, विहिरीत गंगा येईलच.

॥ हरि ॐ तत्सत् ॥