विचारपूस

'विचारपूस' हा शब्द मला लहानपणापासून आवडतो. नुसते विचारणे निराळे आणि विचारपूस निराळी. तलाठी विचारतो, तिकीट तपासनीस विचारतो, परीक्षकही विचारतो. विचारपूस मात्र शेजारीण करते, मामा करतो, आजाऱ्याच्या उशाशी बसलेला मित्र करतो. विचारणाऱ्याला उत्तराशी काम असते, विचारपूस करणाऱ्याला माणसाशी. निदान गेल्या दिवाळीपर्यंत माझी अशी समजूत होती.

पाडव्याच्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी फराळाचा डबा घेऊन घरी आला. आमचे गाव इचलकरंजी. येथे मागांचा खडखडाट थांबला की माणसे झोपेतून दचकून जागी होतात. हा मुलगा आता मोठा झाला आहे आणि एका कारखान्यात नव्या शटललेस मागांवर काम करतो. मी सहज विचारले, "कसं काय चाललंय?" तो म्हणाला, "बरं आहे, सर. मागाला पडदा लावलाय. किती टक्के चालला, किती वेळ बंद राहिला, सगळं त्यावर दिसतं. मालक येऊन तब्येतीची चौकशीही करतात."

"म्हणजे मालक चांगला माणूस दिसतो," मी म्हणालो.

"चांगलेच आहेत," तो हसून म्हणाला, "पण टक्के कमी झाले की विचारतात."

चहा घेऊन तो गेला. त्याचे वाक्य मात्र माझ्याकडेच राहिले.

टक्के कमी झाले की विचारणे हा काही या मालकाचा शोध नव्हे. गेल्या शतकात त्याचे एक शास्त्रच झाले. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. तेथे टेलिफोनची यंत्रसामग्री तयार होई. १९२४ साली तेथे एक साधा प्रयोग सुरू झाला : दिव्याचा उजेड वाढवला तर काम वाढते का? उजेड वाढवला, काम वाढले. पण ज्यांचा उजेड होता तसाच ठेवला होता, त्यांचेही वाढले! पुढे उजेड कमी केला तरी काम टिकून राहिले. संशोधक चक्रावले. (२०११ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा उजेडाच्या या कथेत सांगितले जाते तेवढे तथ्य आढळले नाही, हेही सांगितले पाहिजे.)

मग १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जुळवणाऱ्या पाच मुली आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी सहावी, अशा सहा जणींना एका वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. त्यांना मध्ये विश्रांती दिली, खायला दिले, कामाचे तास कमी केले. खोलीत एक निरीक्षक बसे. तो त्यांच्याशी बोले, त्यांचे ऐकून घेई. काम वाढत गेले. पुढे या साऱ्या सवलती काही काळ काढून घेतल्या, तरी काम पहिल्या पातळीवर उतरले नाही. हार्वर्डचे एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी यांनी यातून असा अर्थ काढला की मनुष्य केवळ पगारावर आणि उजेडावर काम करीत नाही. आपल्याकडे कोणीतरी लक्ष देते आहे, आपण एका मेळाचे आहोत, या भावनेवरही तो काम करतो. १९२८ ते १९३० या काळात त्या कारखान्यात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. एवढी विचारपूस कोणत्या नोकरीत झाली असेल?

पण या गोड कथेत एक ओळ सहसा सांगितली जात नाही. त्या खोलीतल्या पहिल्या मुलींपैकी दोघींना १९२८ च्या सुरुवातीला बाहेर काढले. कारण त्या फार बोलत आणि हवे तसे सहकार्य करीत नसत. त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. ऐकून घेण्यासाठी उघडलेल्या खोलीतून बोलणाऱ्या दोघी बाहेर गेल्या!

ही गोष्ट वाचल्यापासून मी मनात दुसरी एक गोष्ट तिच्या शेजारी ठेवतो. ती इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींची आहे. १९५१ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅम्फर्थ यांनी तिच्यावर एक निबंध लिहिला. बॅम्फर्थ स्वतः अठरा वर्षे खाणीत राबलेला माणूस होता. जुन्या काळी तेथे दोघा-तिघांची जोडी कोळसा खणी. जोडीदार ज्याने त्याने निवडायचा, आणि तो वर्षानुवर्षे टिके. एखादा खाणीत दगावला किंवा जायबंदी झाला, तर त्याच्या बायकामुलांकडे जोडीदाराने पाहावे, असेही घडत असे. मग यंत्रे आली, आणि चाळीसएक माणसे तीन पाळ्यांत वाटली गेली. एका पाळीने कापायचे, दुसरीने भरायचे. एकाची चूक दुसऱ्याच्या माथी. जो तो आपल्या वाट्यापुरता उरला. त्या जुन्या काळोखात कोणी साहेब विचारपूस करायला उतरत नव्हता. ती कामाच्या घडणीतच विणलेली होती. यंत्राभोवती काम वाटताना ती उसवली.

मग यंत्र आले की हे असेच व्हायचे काय? याचे उत्तर आपल्या शेजारीच, अहमदाबादला मिळाले. तेथल्या कॅलिको मिलने १९५२ साली स्वयंचलित माग बसवले; पण उत्पादन काही वाढेना आणि कापडही बिघडे. १९५३ मध्ये टॅव्हिस्टॉकचेच ए. के. राइस तेथे आले. त्यांनी पाहिले की २२४ मागांवर २९ माणसे बारा तऱ्हेची कामे करीत आहेत. तुटलेला धागा सांधणारा इतक्या मागांवर फिरणार, तेल देणारा तितक्यावर, दुरुस्तीवाला आणखी तितक्यावर. सगळ्यांचे सगळे माग, म्हणून कोणाचाच माग नाही! राइसनी सुचवले की ठरावीक मागांसाठी एक लहान मेळ असावा. कामगारांनी आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांनी ती कल्पना उचलली आणि आपापले गट आपणच जमवले : ६४ मागांना सात जण. मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ वर गेली आणि बिघडलेल्या कापडाचे प्रमाण ३२ वरून २० टक्क्यांवर उतरले. यंत्र तेच, माणसे तीच. पुढे काही खात्यांत ही पद्धत टिकली, काहींत जुनीच घडी परत आली. आता तर ती गिरणीही राहिली नाही. पण त्या वेळी विचारणारा नुसते विचारून थांबला नाही. ठरवण्याचा थोडा अधिकार त्याने मागावरच्या माणसाच्या हाती जाऊ दिला.

इतके लिहून झाल्यावर त्या मालकावर चार कोरडे ओढून मोकळे व्हावे, असे मला वाटले होते. पण ज्याने ते वाक्य उच्चारले, तो माझ्या वर्गात होता.

तो दहावीत असताना आमच्या शाळेचा निकाल घसरला होता. वर्गशिक्षकांनी कच्च्या मुलांकडे व्यक्तिशः लक्ष द्यावे, असा आदेश निघाला. हा मुलगा वर्गात पेंगत असे. मी त्याला मायेने जवळ बसवून घरचे विचारले. आई कांड्या भरते, रात्री तोही तिला मदत करतो, हे त्याने खाली मान घालून सांगितले. मी त्याला पुढच्या बाकावर घेतले, वह्या दिल्या, सकाळी लवकर बोलावून शिकवले. तो पास झाला. निकाल वर आला. जूनमध्ये तो आयटीआयच्या प्रवेशाचे विचारायला आला, तेव्हा मी नव्या वर्गाच्या याद्या करीत होतो. "कारकुनांना विचार," मी म्हणालो. त्याने विचारले की नाही, कोण जाणे. तो मागावर गेला.

पाडव्याला त्याने मला टोमणा मारला नव्हता. तेवढा कुजकट तो नाही. पण टक्के कमी झाले की विचारणारा मनुष्य त्याने पहिल्यांदा कारखान्यात पाहिला नव्हता, हे मला उमगले.

मग स्वार्थाचा वास आला की विचारपूस खोटी म्हणायची काय? मला तसे वाटत नाही. घरची आई "जेवलास का?" म्हणून विचारते, तेव्हा तिला भांडीही आवरायची असतात. म्हणून तिची माया खोटी ठरत नाही. निखळ हेतू शोधू लागलो तर जगात कोणी कोणाला काही विचारणारच नाही. माझ्या त्या सकाळच्या शिकवणीने मुलगा पास झाला, हेही खरेच आहे. खरी पारख पुढे होते. उत्तर गैरसोयीचे आले तर विचारणारा काय करतो? हॉथॉर्नला बोलक्या मुली बाहेर गेल्या. अहमदाबादला कामाची घडी बदलली. आणि ज्या दिवशी आकड्याला आपल्या विचारण्याची गरज उरत नाही, त्या दिवशी आपण विचारतो का? या दुसऱ्या परीक्षेत मी नापास आहे.

हल्ली कारखान्यांत, कचेऱ्यांत, आमच्या शाळांतही यंत्रे माणसांची खडान्‌खडा माहिती ठेवतात. केव्हा आला, केव्हा गेला, किती केले. ती वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण ज्याची माहिती आहे त्याची विचारपूसही झाली, असा भ्रम त्यांच्यामुळे फार सहज होतो.

या पाडव्याला डबा घेऊन मीच त्याच्या घरी जाणार आहे. त्याची आई अजून कांड्या भरते का, तो रात्रपाळीला किती झोपतो, आणि त्या जूनमध्ये त्याने कारकुनाला विचारले होते का, हे विचारायचे आहे. शेवटचा प्रश्न तोंडातून निघेल की नाही, सांगवत नाही. पण उत्तर येईपर्यंत बसायचे, एवढे ठरवले आहे.