वास्तु कोणाची?

वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिराती नेमानें वाचणाऱ्या वडीलधाऱ्या गृहस्थांस अलीकडे एक कोडें पडतें. 'आर्किटेक्ट पाहिजे' असा मथळा असतो. परंतु खालीं विटा, चुना, नकाशा यांचें नांवहि नसतें. पाहिजे असतो तो संगणकाचा जाणकार. १९७२ सालच्या कायद्याप्रमाणें आपल्या देशांत नोंदणी झाल्यावांचून कोणासहि घरें बांधण्याच्या धंद्यांत स्वतःस आर्किटेक्ट म्हणवितां येत नाहीं; संगणकाच्या धंद्यांत मात्र ही पदवी सर्रास लावली जाते. शब्द उसना घेतला एवढ्याबद्दल आमची तक्रार नाहीं. शब्दाबरोबर त्याचें ओझेंहि उचललें कीं नाहीं, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

ग्रीक भाषेंतील मूळ शब्दाचा अर्थ मुख्य सुतार, म्हणजे बांधणाऱ्यांचा पुढारी. संस्कृतांत 'सूत्रधार' या एकाच शब्दानें स्थपतीहि ओळखला जाई आणि नाटकाचा प्रवर्तकहि. तेव्हां शब्दानें घर बदलणें ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. परंतु आपला 'वास्तु' हा शब्द 'वस्' म्हणजे राहणें या धातूपासून निघाला आहे. ग्रीक शब्दाची दृष्टि बांधणाऱ्याकडे, तर आपल्या शब्दाची राहणाऱ्याकडे. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

७ एप्रिल १९६४ रोजीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें 'सिस्टिम/३६०' नांवाचें संगणकांचें एक कुटुंबच जाहीर केलें. तोंपर्यंत नवें यंत्र घेतलें कीं जुन्या यंत्रासाठीं कष्टानें लिहिलेल्या आज्ञावल्या बहुधा नव्यानें लिहाव्या लागत. या कुटुंबांत लहान यंत्रें होतीं, मोठीं होतीं, त्यांची आंतील घडण निरनिराळी होती. पण आज्ञांची भाषा सर्वांची एक. त्याच वर्षीं ॲमडाल, ब्लाव आणि ब्रुक्स या तिघांनीं एका निबंधांत 'आर्किटेक्चर' या शब्दास नवा अर्थ बांधून दिला. आज्ञावली लिहिणाऱ्यास यंत्राचे जे गुणधर्म दिसतात, ज्यांवर तो विसंबून राहतो, तें आर्किटेक्चर; आंतील तारा व जोडण्या हा वेगळा विषय. ब्रुक्स यांनीं पुढें १९७५ सालच्या आपल्या पुस्तकांत घड्याळाचा दाखला दिला. तबकडी, कांटे आणि किल्ली हें घड्याळाचें आर्किटेक्चर होय. मनगटी घड्याळावर वेळ पाहावयास शिकलेलें मूल देवळाच्या मनोऱ्यावरील घड्याळहि वाचूं शकतें.

या व्याख्येंत मुख्य सुतार मागें पडला आणि राहणारा पुढें आला, हें आम्हांस मोठें नवल वाटतें. शब्द ग्रीकांचा, पण अर्थ जवळजवळ आपल्या 'वास्तू'चा! खऱ्या घरांत अशी फारकत साधत नाहीं, हेंहि खरेंच. जुन्या वाड्याचा गारवा भिंतीच्या जाडींतूनच येतो. दिसणें एक आणि घडण दुसरी असें तेथें म्हणतां येत नाहीं. पण कोणतीहि उपमा सर्वांगानें जुळत नसते.

विसंबून राहणें म्हणजे काय, याचा धडा याच कुटुंबाच्या पुढील इतिहासांत सांपडतो. या यंत्रांत स्मृतींतील प्रत्येक जागेस क्रमांक असे व तो २४ द्विमान अंकांनीं लिहीत. ज्या खणांत तो ठेवावयाचा तो खण मात्र ३२ अंकांचा. आठ अंकांची जागा रिकामी राही आणि क्रमांक वाचतांना यंत्र तिकडे पाहतहि नसे. रिकामी जागा दिसली कीं मनुष्य तेथें कांहीं तरी ठेवतोच. जिन्याखालच्या कोपऱ्याचा इतिहास कोणत्याहि गृहिणीस विचारावा. आज्ञावली लिहिणारांनीं त्या आठ अंकांत आपापल्या खुणा ठेवावयास आरंभ केला. पुढें सुमारें १ कोटी ६७ लाख जागांची ती स्मृति अपुरी पडूं लागली व क्रमांक लांबविण्याची वेळ आली, तेव्हां असें आढळलें कीं रिकामी खोली भाडेकरूंनीं भरून टाकली आहे. १९८३ सालीं वापरांत आलेल्या रचनेंत क्रमांक ३२ नव्हे, ३१ अंकांचा झाला. कारण सर्वांत वरचा अंक यादीचा शेवट दाखविण्याच्या कामीं रूढ होऊन बसला होता. शिवाय जुनी २४ अंकांची रीतहि चालू ठेवावी लागली.

ती जागा कोणीं कोणास दिली नव्हती. आपल्याकडे अशा हक्कास वहिवाट म्हणतात. कंपनीनें ती मानली यांत गिऱ्हाईक दुरावण्याची भीति असेलच. आम्ही तिला पुण्य म्हणत नाहीं. तथापि लोक एखाद्या गोष्टीवर वर्षानुवर्षें विसंबले कीं त्यांचा तिच्यावर कांहीं हक्क उत्पन्न होतो, हें तेथें कृतीनें मान्य झालें.

प्रत्यक्ष घरांत हाच प्रश्न उलट बाजूनें येतो. नवी मुंबईंत बेलापूर येथें चार्ल्स कोरिया यांनीं १९८३ नंतरच्या तीन वर्षांत एक वसाहत उभी केली. सात घरांमध्यें एक अंगण, तशा तीन समूहांमध्यें त्याहून मोठें अंगण; आणि शेजाऱ्यांची भिंत सामाईक नाहीं, म्हणजे ज्याला वाढवावयाचें असेल त्यानें आपलें घर खुशाल वाढवावें. लोकांनीं तें इतक्या मनापासून केलें कीं कित्येक मूळ घरें पाडून त्यांच्या जागीं सिमेंटचे मजले उभे राहिले. रसिक मंडळी त्याबद्दल हळहळतात. आम्ही त्यांत सामील होत नाहीं. कोरियांनीं मोकळी भिंत व अंगण यांचें वचन दिलें होतें, उतरत्या कौलारू छपराचें नव्हे. कोणीं वाढत वाढत सामाईक अंगणच गिळलें तर मात्र हळहळण्यास जागा आहे.

आजच्या संगणकी सेवांकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे मन अस्वस्थ होतें. सकाळीं उठावें तों जिना दुसऱ्या बाजूस गेलेला असावा, असा प्रकार तेथें रोजचा आहे. कधीं सबंध घरच नाहींसें होतें. 'गूगल रीडर' ही सेवा वाचकांच्या विनवण्या असूनहि जुलै १९१३ नव्हे, २०१३ मध्यें, म्हणजे वहिवाटीची भाषा सर्वांस ठाऊक असलेल्या काळांत, बंद झाली. फुकट उतरलेल्या पाहुण्यास कसली वहिवाट, असें कोणी म्हणेल. पण बिऱ्हाड घेऊन या, कागदपत्रें व छायाचित्रें येथेंच ठेवा, असा आग्रह यजमानानेंच केलेला असतो. त्यास नंतर पाहुणा म्हणून हिणविणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदानें १९७७ सालच्या एका ग्रंथांत घरांचे व गांवांचे २५३ आकृतिबंध वर्णिले. त्यांत खिडकीजवळच्या बसावयाच्या जागेलाहि स्वतंत्र प्रकरण आहे. संगणकवाल्यांनीं ती मांडणी उचलली आणि १९९४ मध्यें तिच्यावर त्यांचा स्वतःचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. १९९६ सालीं सॅन होजे येथें भरलेल्या त्यांच्या परिषदेंत अलेक्झांडर यांस भाषणास बोलाविलें. आपला हा विषय नव्हे असें सांगून त्यांनीं श्रोत्यांस विचारलें कीं, तुमच्या या आकृतिबंधांनीं माणसांचें जगणें अधिक चांगलें होतें काय. खिडकीजवळ कोण बसणार आहे, हें त्यांना ठाऊक करून घ्यावयाचें होतें.