घराकडे परत आलेला उपचार

ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो. मुलींमध्ये तो अधिक आढळतो, पण मुलगेही त्यातून सुटलेले नाहीत. खाणे कमी कमी करत जाणे, वजन वाढण्याची धास्ती आणि देह खंगत चालला असतानाही काही बिघडले आहे हे मान्य न होणे, ही त्याची मुख्य लक्षणे. भूक मेलेली नसते. निदान सुरुवातीला तरी आजारी व्यक्ती तिच्याशी दिवसभर झुंजत असते. ज्या मानसिक आजारांत सर्वाधिक मृत्यू होतात त्यांपैकी हा एक. अनेक अभ्यास एकत्र करून 2011 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण एरवीच्या जवळजवळ सहापट निघाले, आणि त्यांतल्या दर पाच मृत्यूंमागे एक आत्महत्येचा होता. तरीही घरात तो शिरतो तेव्हा त्याला ‘डाएटचे खूळ’ म्हणूनच ओळखले जाते. अशा घराने काय करायचे, याची वैद्यकशास्त्राने दीडशे वर्षांत अगदी उलटसुलट उत्तरे दिली आहेत.

1873 साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे या आजाराची वर्णने मांडली. गल यांचे मत स्पष्ट होते: रुग्णाला ठरावीक वेळाने खाऊ घालावे, आणि ते ज्यांचा वचक आहे अशा माणसांनी करावे, नातेवाईक आणि मित्र हे या कामाला सर्वांत निरुपयोगी. लासेग यांनी घरातले दृश्य अधिक बारकाईने टिपले. कुटुंबाजवळ दोनच साधने असतात, विनवण्या आणि धमक्या, आणि ती दोन्ही लवकरच संपतात, असे त्यांचे निरीक्षण होते. आजही कुठल्याही घरात पहिले काही महिने नेमके हेच चालते. पॅरिसमध्येच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी पुढची पायरी गाठली आणि रुग्णाला आईवडिलांपासून दूर ठेवणे हीच उपचाराची अट केली.

विसाव्या शतकात घराला दूर ठेवण्याच्या जागी घराला दोषी ठरवणे आले. 1978 साली मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रूख यांचे ‘द गोल्डन केज’ आणि साल्वादोर मिनुचिन व सहकाऱ्यांचे ‘सायकोसोमॅटिक फॅमिलीज’ ही दोन पुस्तके निघाली. दोन्हींत अतिदक्ष आई, भांडण टाळणारे कुटुंब, मुलीला श्वास घ्यायला जागा न देणारी माया अशी कारणे पुढे आली. या मांडणीने किती आयांच्या मनात कायमची अपराधी भावना पेरली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. गंमत अशी, की मिनुचिन यांचा सिद्धान्त टिकला नाही, पण त्यांची एक कृती टिकली: ते संपूर्ण कुटुंबाला दवाखान्यात बोलावून तिथेच जेवायला बसवत.

दोषारोप ढासळला तो पुराव्यांमुळे. जुळ्यांवरील अभ्यासांतून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक दिसतो. सुमारे सतरा हजार रुग्णांच्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या 2019 सालच्या संशोधनात मानसिक विकारांइतकेच चयापचयाशी संबंधित धागेही सापडले. एखादीच मुलगी डाएट सोडू शकत नाही आणि तिच्या मैत्रिणी मात्र आठवड्यात कंटाळून वडापावकडे वळतात, याचे काहीसे उत्तर तिथे असावे. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही जाहीरपणे सांगितले आहे, की कुटुंब हे या आजाराचे एकमेव किंवा मुख्य कारण मानता येत नाही.

मग उपासमार मनाचे काय करते? याचे उत्तर ॲनोरेक्सियाशी संबंध नसलेल्या एका प्रयोगातून मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धात लढण्यास नकार दिलेले हे स्वयंसेवक होते आणि युद्धानंतर उपाशी युरोपाला कसे सावरायचे ते शोधणे हा हेतू होता. काही आठवड्यांत ही धडधाकट माणसे पाककृतींची पुस्तके गोळा करू लागली, एकेक जेवण रेंगाळत लांबवू लागली, ताटल्या चाटू लागली, चिडचिडी, एकलकोंडी, उदास झाली. त्यांतल्या कोणाला बारीक व्हायचे नव्हते, कोणाची आई अतिदक्ष म्हणून तिथे आणलेली नव्हती. म्हणजे ज्या वागण्याला ‘हट्टी स्वभाव’ म्हटले जाते त्यातला मोठा भाग उपाशी मेंदूचा असतो. यातून निघणारा निष्कर्ष समुपदेशनावर भिस्त ठेवणाऱ्यांना रुचत नाही: आधी अन्न, मग उमज. मुलीला ‘आतून पटेल’ तेव्हा ती जेवेल, ही वाट पाहणे धोक्याचे आहे, कारण जे पटायला हवे ते पटवून घेणारा मेंदूच उपाशी आहे.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात याच दिशेने काम सुरू झाले. जेराल्ड रसेल, क्रिस्टोफर डेअर, आयव्हन आयस्लर आदींनी 1987 साली 80 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात वजन सावरल्यावर काहींना कुटुंबासह उपचार दिले, काहींना एकट्याने. ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना कुटुंबासह उपचारांचा स्पष्ट फायदा झाला. पुढे अमेरिकेत जेम्स लॉक आणि डॅनियल ले ग्रांज यांनी ही पद्धत पुस्तकरूपात बांधली. 2010 सालच्या त्यांच्या 121 किशोरवयीन रुग्णांवरील चाचणीत, उपचार संपून एक वर्ष झाल्यावर कुटुंबासह उपचार घेतलेल्यांपैकी जवळपास निम्मे पूर्ण बरे होते. एकट्याने उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण एक चतुर्थांशाहूनही कमी होते. निम्मे म्हणजे सगळे नव्हेत, हेही खरे.

या पद्धतीचे टप्पे तीन. पहिल्यात खाण्याचे सगळे निर्णय आईवडील हाती घेतात. दुसऱ्यात ते मुलीकडे हळूहळू परत देतात. तिसऱ्यात आजाराने अडवून ठेवलेले वयात येण्याचे प्रश्न पुढे येतात. आजार कोणामुळे झाला, याची चौकशी तिथे होत नाही. मुलगी वेगळी आणि आजार वेगळा, हे मात्र पहिल्या दिवसापासून बजावले जाते. ताट भिरकावणारी, खोटे बोलणारी, ‘तुम्ही माझे शत्रू आहात’ म्हणणारी जी आहे, तिच्या तोंडून आजार बोलतो आहे, असे धरून चालायचे. हे बोलायला सोपे आहे; रात्री साडेनऊला, गार झालेल्या वरणभातासमोर ते पाळणे अवघड आहे.

ताटावर काय घडते ते पाहिले की अडचण कळते. पोळीचे नखाएवढे तुकडे होतात आणि त्यांतले काही ताटाच्या कडेखाली जातात. पोळीवरचे तूप बोटाने पुसून रुमालाला लागते. वाटीतली आमटी ढवळली जाते, कमी होत नाही. ‘मी कॉलेजात खाल्ले’, ‘मैत्रिणीकडे खाल्ले’, ‘उद्यापासून नक्की’ ही वाक्ये ठरलेली. अशा वेळी पोळीत कॅलरी किती, यावर वाद घालणारा वडील हरतो, कारण त्या विषयात मुलीचा अभ्यास दांडगा असतो. उपयोगी पडते ते कंटाळवाणे सातत्य. काय वाढायचे हे आधीच ठरलेले, वाढणारे ठरलेले, ताटावर घासाघीस नाही, आणि बोलणे थोडके: ‘हे औषध आहे. मी इथेच बसले आहे. पुढचा घास घे.’ बाकी गप्पा क्रिकेटच्या, शेजारच्या मांजरीच्या, कशाच्याही; फक्त अन्नाच्या आणि अंगाच्या नकोत. जेवणानंतरचा अर्धा तास तिला एकटे सोडायचे नाही, कारण अस्वस्थता तेव्हाच शिगेला असते; उलटी काढण्याची किंवा खोलीत दार लावून व्यायाम करण्याची ओढही तेव्हाच. पत्ते, मालिका, स्वेटरची वीण, काहीही चालते.

मराठी घरात याला काही खास वळणे पडतात. पहिले उपवासाचे. एरवी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असलेल्या घरात सगळे खिचडी, वरी, रताळ्याचा कीस खात असताना एक जण नुसत्या काळ्या चहावर दिवस काढते, संकष्टीला गुरुवार जोडते, नवरात्र कडक धरते, आणि आजीकडून कौतुक मिळवते. आजाराला याहून चांगला आडोसा मिळणार नाही. आजारी माणसाला उपवासातून सूट परंपरेनेच दिलेली आहे, तेव्हा उपचार चालू असेतो उपवास बंद, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून सांगितले गेले तर उत्तम. दुसरे वळण एकत्र घराचे: आईबाबा ठाम असतात आणि आजी किंवा आत्या मायेने म्हणते, ‘राहू दे ग, नको म्हणतेय ना.’ ती एक फट आजाराला पुरते. तिसरे, शेरेबाजी. सुरुवातीला ‘किती छान बारीक झालीस’, मग ‘वाळलीस की ग’, आणि सावरू लागल्यावर ‘आता कशी भरलीस!’ यांतले शेवटचे वाक्य कौतुकाचे असले तरी ऐकणारीला ‘जाडी झालीस’ एवढेच ऐकू येते आणि रात्रीचे जेवण हातचे जाते. लग्नकार्यात जाण्याआधी जवळच्या नातलगांना फोन करून अंगाबद्दल काही बोलू नका, असे सांगून ठेवणे आगाऊपणाचे नाही.

आशियातल्या काही रुग्णांमध्ये जाड होण्याची भीती पुढे येतच नाही. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी 1993 साली मांडलेल्या 70 रुग्णांत निम्म्याहून अधिक जणांनी पोट फुगते, अन्न जात नाही, भूक लागत नाही अशीच कारणे सांगितली होती. भारतातूनही अशा नोंदी आहेत. त्यामुळे इथली मुलगी अनेकदा आधी पोटाच्या डॉक्टरांच्या दारी फिरते, एंडोस्कोपी होते, आणि मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचायला उशीर होतो. उलट दिसायला बारीक नसलेली, पण झपाट्याने वजन उतरलेली व्यक्तीही तितकीच आजारी असू शकते.

घर कितीही तयार असले तरी शरीराची सूत्रे डॉक्टरांकडेच हवीत. नाडी मंदावणे, उभे राहताच भोवळ येणे, हातपाय गार पडणे, पाळी थांबणे, अंगावर बारीक लव उगवणे या खुणा दुर्लक्षू नयेत. रक्ताचे अहवाल बरेच दिवस चांगले येऊ शकतात, म्हणून त्यांवर विसंबू नये. फार काळ उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणे हाही धोका आहे. रक्तातले फॉस्फेट कोसळून हृदय बंद पडू शकते. महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये हे पाहिले गेले. म्हणून पहिले दिवस रुग्णालयात, तपासण्यांच्या देखरेखीखाली. भारतात या आजाराची खास केंद्रे मोजकी आहेत. बहुतेकांना मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ अशी मोट स्वतःच बांधावी लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याचे संरक्षण देणे बंधनकारक केले आहे, हे दाखल होताना लक्षात असावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे निघाले तर ते मनावर घ्यावे. रुग्णाला एकटे न ठेवता तातडीने डॉक्टर गाठावेत. ‘टेलीमानस’ची 14416 ही सरकारी सेवा चोवीस तास चालते.

सांभाळणाऱ्यांचेही काही बिघडते. लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जॅनेट ट्रेझर यांनी पालकांच्या वागण्याला प्राण्यांची नावे दिली आहेत: पिल्लाला पोटाशी घेऊन सगळे माफ करणारी कांगारू, तर्काने धडक मारणारा गेंडा, वाळूत डोके खुपसणारा शहामृग. ट्रेझर यांना हवा असतो तो शेजारून पोहत, कधी पुढे होऊन वाट दाखवणारा डॉल्फिन. वर्णन खेळकर आहे, पण मुद्दा तपासलेला आहे: ज्या घरांत टोचून बोलणे जास्त, तिथे पालकांना आणि मुलीला वेगवेगळे भेटून केलेले उपचार अधिक लागू पडतात, असे मॉड्स्लीच्याच अभ्यासात दिसले. आईने एकटीने दिवसभरातले सगळे खाणे सांभाळण्यापेक्षा बाबांनी नाश्ता आणि रात्रीचे जेवण घ्यावे. धाकट्या भावाला पहारेकरी करू नये. त्याने फक्त बहिणीशी पूर्वीसारखे भांडावे-खेळावे.

प्रौढ रुग्णांच्या बाबतीत हे जसेच्या तसे चालत नाही. तिशीतल्या बाईच्या ताटावर आईने ताबा घेणे तिला अपमानास्पद वाटते आणि चाचण्यांतला फायदाही तिथे तेवढा दिसत नाही. त्यांच्यासाठी वैयक्तिक मानसोपचार मुख्य. नवऱ्याने देखरेख करण्यापेक्षा, कोणते जेवण सोबत करायचे आणि काय बोलायचे नाही हे दोघांनी मिळून ठरवावे.

बरे होणे लांबते. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत नऊ वर्षांनी सुमारे 31 टक्के रुग्ण बरे झालेले होते, आणि बावीस वर्षांनी सुमारे 63 टक्के. म्हणजे दहा वर्षे आजारी असलेल्यांनाही पुढे सुटका मिळते. मधल्या काळात आजार उलटू शकतो, विशेषतः दहावी-बारावीच्या ताणात, ताप-जुलाबाने वजन उतरल्यावर किंवा शहर बदलताना. म्हणून वसतिगृहात पाठवण्याआधी काही महिने मुलीने घरीच स्वतः वाढून घेऊन, कोणी न बसता, वजन टिकवून दाखवलेले असावे. मेसचे खाणे आवडले नाही तर काय खायचे, वजन कुठल्या दवाखान्यात आणि किती दिवसांनी पाहायचे, आणि ते किती उतरले तर सामान बांधून परत यायचे, हे तिच्याशी बोलून कागदावर लिहून ठेवतात. एक प्रत तिच्याकडे असते, एक घरी.