पंडिता रमाबाईंची भांडणे

मंडळीत इतिहास म्हटला की आपण फोटोंपाशी जातो. पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक, बाबा पदमनजी. हार, चार शब्द, चहा. लोणावळ्यात आमच्याकडेही असेच असते, त्यात वाईट काही नाही. पण या माणसांचा आजच्या चर्चला नेमका उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी रमाबाईंच्या भांडणांकडे बोट दाखवीन.

मध्यंतरी तरुणांच्या एका अभ्यासवर्गाला बसलो होतो. एका मुलीने विचारले, ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलात नाही, मग तो मानायचा का? उत्तर मिळाले की असले प्रश्न सैतान मनात घालतो, तू प्रार्थना कर. ती गप्प बसली.

खरे तर हा प्रश्न सोळाशे वर्षांहून जुना आहे. 325 साली निकिया येथे जमलेल्या बिशपांनी पुत्र आणि पिता ‘एकतत्त्वाचे’ आहेत असे ठरवले. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द शास्त्रात सापडत नाही, ही तक्रार त्याच काळात बिशपांनीच केली होती. अथनेसियसला त्या शब्दाचे समर्थन करावे लागले. वाद पुढे अर्धशतक चालला. म्हणजे आपण उपासनेत उभे राहून जो मतांगीकार म्हणतो, तो वादातूनच आला आहे. वर्गात एवढे जरी सांगितले असते!

रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, लहानग्या मनोरमेसह. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतरचा पत्रव्यवहार मात्र फारसा वाचला जात नाही. ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या ‘आजीबाई’ म्हणत, त्यांच्याशीच त्यांनी त्रैक्यावरून वाद घातला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवले, तेव्हा त्या संतापल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ते दुसऱ्याच्या जोखडात मान घालायला नव्हे, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. तरी त्यांनी ख्रिस्ताला सोडले नाही. चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंका धीराने ऐकून घेतल्या. मला वाटते, आजच्या पाळकांनी कित्ता गिरवावा तो या बाईंचा.

पण रमाबाईंच्या प्रश्नांचे कौतुक करायचे, तर त्यांना विचारलेले प्रश्नही ऐकायला हवेत. इथे आपली मंडळी अवघडते. मुंबईत 1889 मध्ये सुरू झालेले शारदा सदन पुढच्याच वर्षी आमचा हा बोरघाट चढून पुण्याला आले. रमाबाई प्रार्थनेच्या वेळी दार उघडे ठेवत, आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले. हे धर्मद्वेष्टे लोक नव्हते. पुढे दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, त्यांना वाचवले, आणि त्यांतल्या अनेकींचा बाप्तिस्मा झाला.

ज्याने भाकरी दिली त्याचा देव स्वीकारणाऱ्या उपाशी मुलीची संमती कितपत मोकळी असते? उघड्या दाराला सक्ती म्हणता येत नाही, हे मला मान्य आहे. त्या मुलींना स्वतःचे मन नव्हतेच, असे म्हणणेही मला अपमानकारक वाटते. तरीही प्रश्न उरतो. धर्मांतराचा आरोप आज झाला की आपण लगेच शाळा आणि दवाखाने मोजून दाखवतो. ते हिशेबाचे उत्तर झाले. आपल्या ईश्वरविज्ञानात याहून चांगले उत्तर आहे, आणि ते आधी आपल्यालाच अडचणीत आणणारे आहे. कृपा विनाअट असते, असे आपण शिकवतो. मग त्या कृपेच्या नावाने दिलेली भाकरी, वसतिगृहातली खाट, शाळेची फी यांनाही अट असता कामा नये. न बोललेली अट तर मुळीच नको. मुलगी शिकून निघून गेली, प्रार्थनेला एकदाही बसली नाही, तरी आपल्याला हळहळ वाटू नये. ती वाटते का, हे प्रत्येक पंच कमिटीने आपापल्या बैठकीत तपासावे.

त्या अभ्यासवर्गात निकियाच्या वादाबरोबर 1893 चा वादही वाचायला ठेवावा, दोन्ही बाजूंनी. आणि रानड्यांची बाजू मांडायला आपल्यातलाच कोणीतरी उभा राहावा.