हरलेल्यांच्या वाटेवर प्रभू



पावसाळ्यात आपण मुलाबाळांसह मुळशी धरणावर जातो. भरलेले पाणी पाहून मन प्रसन्न होते. पण त्या पाण्याखाली कुणाची घरे आणि भातखाचरे आहेत, हे आपल्याला सहसा आठवत नाही.

मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने हे धरण हाती घेतले. मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांवर संकट आले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. स्त्रियाही त्यात उतरल्या. पांडुरंग महादेव बापट यांनी नेतृत्व केले, तुरुंगवास सोसला. पण पुष्कळ जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांकडे होते, आणि त्यांना भरपाई हवी होती. १९२४ च्या अखेरीस लढा संपला. धरण झाले, शेते बुडाली. मावळे हरले. तरीही लोकांनी बापटांना ‘सेनापती’ म्हटले, ते याच हरलेल्या लढ्यामुळे!

अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्यही हरलेलेच होते. ज्याच्यावर आशा ठेवली, तोच क्रूसावर मेला होता. प्रभू येशू त्यांच्याजवळ आला, तेव्हा त्याने आधी काय केले? त्यांना विचारले, त्यांचे दुःख ऐकून घेतले, त्यांच्याबरोबर चालला. शास्त्राचा उलगडा त्यानंतर केला. भाकर मोडताना त्यांना त्याची ओळख पटली.

पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. पुनरुत्थानाने क्रूस खोटा ठरवला नाही. म्हणून हार झाली म्हणजे देवाने सोडले, किंवा आपली बाजू खोटी होती, असे आपण मानू नये. तसेच हरलेल्याला ‘झाले ते बऱ्यासाठीच’ असे घाईने सांगूही नये. मावळ्यांची शेते त्यांना परत मिळाली नाहीत. ते दुःख खरेच होते.

आपल्या धर्मग्रामातही कुणी परीक्षेत नापास झाले असेल, कुणाची नोकरी गेली असेल, कुणी कोर्टात हरले असेल. अशी माणसे हळूहळू मिस्साला येईनाशी होतात. या आठवड्यात अशा एका तरी घरी आपण जाऊ या. उपदेश नको. बसू या, ऐकू या, चहा घेऊ या. घरी दिवा लावताना, ज्यांच्या शेतांवर हा उजेड उभा आहे त्यांचीही आठवण करू या.

हे प्रभो, आम्ही हरतो तेव्हा आमच्याबरोबर चाल, आणि हरलेल्यांबरोबर चालायला आम्हाला शिकव. आमेन.