मांडव पेटला तर

मांडवाला आग लागली, तर बाप्पाला तिथेच सोडून बाहेर पडणं पाप आहे का? कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यापासून मी गणपतीच्या आधी मंडळांतल्या मुलांना आग विझवायला शिकवतो. तिथेच एका कार्यकर्त्याने विचारलं, "काका, सिलिंडर कसा वापरायचा ते कळलं. पण मूर्तीचं काय?" त्या प्रश्नात निष्ठा होती. नियमांचा कागद पुढे करून त्याला गप्प करणं मला पटलं नाही.

आधी हातातलं साधन ओळखावं. मांडवात बहुधा एबीसी पावडरचा 6 किलोचा सिलिंडर असतो. गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे रोज बघायचं. वेळ आली की पिन ओढायची, दोन-तीन मीटरवरून आगीच्या बुडाशी नेम धरायचा, दांडा दाबायचा आणि नोझल डावी-उजवीकडे फिरवायचा. बाहेरची वाट कायम आपल्या पाठीशी हवी. पावडर जेमतेम 15 ते 20 सेकंद पुरते. पडद्याचा कोपरा पेटला असेल तर तेवढ्यात विझतो. आग छताच्या कापडाला पोचली असेल तर नाही विझत. प्रसादाच्या कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही. ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि जळतं तेल अंगावर उसळतं. गॅस बंद करून झाकण ठेवायचं. विजेच्या पॅनेलचा मेन स्विच आधी पाडायचा. पाणी तिथेही नको.

माणसाच्या सामर्थ्याला अशी मर्यादा असते, तेव्हा धर्म काय सांगतो? गीतेच्या अठराव्या अध्यायात, 25व्या श्लोकात, परिणाम, हानी, हिंसा आणि आपली ताकद यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस म्हटलं आहे. पुढे 30व्या श्लोकात सात्त्विक बुद्धीचं लक्षण येतं. त्यातल्या प्रवृत्ती-निवृत्तीचा अर्थ शंकराचार्य कर्ममार्ग आणि संन्यासमार्ग असा लावतात. पण करावं काय आणि करू नये काय, भ्यावं कशाला आणि भिऊ नये कशाला, हे जाणणंही त्याच श्लोकात आहे. पेटत्या छताखाली रिकामा सिलिंडर घेऊन उभं राहणाऱ्याची श्रद्धा मोठी असेल, पण त्याच्या कर्माला मी सात्त्विक म्हणणार नाही.

आणि मूर्तीचं म्हणाल तर आपला विधीच उत्तर देतो. गणपतीची मूर्ती पार्थिव. प्राणप्रतिष्ठेने देवाला तिच्यात बोलावतो, उत्तरपूजेने निरोप देतो, मग ती माती आपल्याच हातांनी पाण्यात सोडतो. देव त्या मातीत कोंडलेला आहे, असं आपल्या परंपरेने कधी मानलेलं नाही. दर्शनाच्या रांगेतल्या आजींना मात्र दुसरा देह नाही.

मग बलिदानाला किंमत नाही का? आहे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबई बंदरात फोर्ट स्टिकिन जहाजावरची आग विझवताना अग्निशमन दलाचे अनेक जवान स्फोटात गेले. आजही त्या दिवशी देश त्यांना वंदन करतो. ते शिकलेले होते, ते त्यांचं कर्तव्य होतं आणि त्यांच्या मागे सगळं शहर होतं. मूर्तीसाठी आत धावणारा मुलगा मात्र मागोमाग आपल्या मित्राला आणि मग त्याला शोधणाऱ्या जवानालाही आगीत ओढतो. ज्या त्यागाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, तो देवाला कसा अर्पण करायचा?

त्या मुलाला मी हेच सांगितलं. आग लहान असेल, वाट मोकळी असेल आणि 101 ला फोन गेला असेल, तर एक सिलिंडर वापर. तो संपला आणि आग उरली, तर सगळ्यांना घेऊन बाहेर पड आणि परत आत जाऊ नकोस. मेन स्विच कोण पाडणार, म्हाताऱ्यांना आणि मुलांना कोण नेणार, हे आधीच ठरव. प्रतिष्ठापनेच्या दिवशी हातात पाणी घेऊन संकल्प सोडाल, तेव्हा या मांडवात आलेला प्रत्येक जण सुखरूप घरी जाईल, हेही त्यात म्हणा.