पाण्याला विचार

गागोदे बुद्रुकला एक मुलगा होता. त्याला मासे गरवायचा मोठा नाद. गरीला गांडूळ लावून ओढ्यात सोडायचं आणि खवली, शिंगटी काढायची, यात त्याचा हात चांगला बसला होता. आश्विनात पाऊस ओसरला तसा तो पेणच्या खारेपाटात मामाकडे राहायला गेला. जाताना मुंबईच्या चुलतभावाने दिलेली पेटी बरोबर घेतली. पेटीत नकली आमिषं होती. पत्र्याचा चकचकीत चमचा, ओढला की बुडी मारणारा प्लॅस्टिकचा मासा, रबरी कोलंबी, रबरी बेडूक आणि खोलगट तोंडाचा, पाण्यावर फट्‌फट् वाजणारा पॉपर.

खारेपाटात जिताडा माशाचा मान मोठा. सोयऱ्यांच्या घरी भेट म्हणून जिताडा पाठवायची इथली जुनी रीत आहे. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून धरमतरच्या खाडीला बांध घातलेले आहेत आणि शेतातलं पाणी बाहेर जायला बांधाला उघाडी ठेवलेली असते. ओहोटी लागली की उघाडीतून पाण्याचा लोट खाडीत पडतो. त्याबरोबर कोलंबी येते, बारके मासे येतात. जिताडा धारेत पोहत बसत नाही. धारेच्या कडेला, सावली धरून थांबतो, आणि भक्ष्य समोरून गेलं की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो. टप्प असा आवाज होतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही.

मुलगा पहिल्यांदा उघाडीवर गेला तेव्हा भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस होते. पाणी निवळ, ऊन लख्ख. त्याने चमचा फेकला आणि थोड्याच वेळात चांगला दोन किलोचा जिताडा काढला. वाडीत कौतुक झालं. त्या दिवसापासून त्याने चमच्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

मग अमावास्या जवळ आली. उधाणाच्या पाण्याने खाडीचा तळ ढवळला, पाणी गढूळ झालं. मुलगा चमचा टाकत राहिला. मासा लागेना तसा जोरात ओढू लागला, लांब फेकू लागला. शेवटी बाजारात जाऊन त्याहून मोठा, त्याहून चकचकीत चमचा घेऊन आला. तरी काही नाही. मामा मात्र बांधावर बसून हातातल्या तंगुसावर एखादा जिताडा काढून घरी न्यायचाच.

"मामा, तुमच्याकडे कसलं आमिष आहे, ते मला द्या," मुलगा म्हणाला.

मामाने उत्तर दिलं नाही. नुकताच काढलेला मासा दगडावर ठेवला. "गालफडाला हात लावू नको, कापेल," एवढं बजावलं आणि पोट चिरलं. आतली पिशवी उघडून मुलासमोर धरली. तीत कोलंब्या होत्या. साली मऊ पडलेल्या, मिशा एकमेकींत गुंतलेल्या, काळे डोळे मात्र जसेच्या तसे. एक अर्धवट विरघळलेली निवटीही होती.

"तुझा चमचा म्हणजे उन्हात पळणारं बोयट," मामा म्हणाला. "आज इथे ऊन कुठे आहे? बोयट कुठे आहे? काय लावायचं ते पेटीला विचारू नको, पोरा. पाण्याला विचार."

मुलगा त्या दिवशी गळ न टाकता बसून राहिला. मला वाटतं, त्याचं खरं शिक्षण तिथे सुरू झालं, कारण हात रिकामे ठेवून बघत बसणं हेच त्या वयात सगळ्यांत अवघड. हळूहळू त्याला दिसू लागलं. गढूळ पाण्यात जिताड्याच्या डोळ्यांना फारसं काम नसतं. अंगावरून शेपटीपर्यंत गेलेल्या रेषेने तो पाण्यातली थरथर ओळखतो. तिथे गडद रंगाची रबरी कोलंबी तळाजवळून, थांबत थांबत आणावी लागते. तिन्हीसांजेला बोयटांचा थवा वर उड्या मारू लागला की पॉपर. पाणी खोल आणि मासा वर येत नसेल तर बुडी मारणारा मासा. आणि निवळ पाण्यात, चढत्या उन्हात, तोच जुना चमचा. पेटीतलं एकही आमिष वाईट नव्हतं.

दिवाळीनंतर तो गावी परतला आणि आजीला सगळं रंगवून सांगितलं. गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ला ते इथे जन्मले. आजीला त्यांची गीताई तोंडपाठ. ती म्हणाली, "विनोबांच्या आईला संस्कृत कळत नव्हतं. मग विनोबांनी गीताच मराठीत आणली. समोरच्याला काय पोचेल ते त्यांनी बघितलं, आणि तूही बघतोस. पण त्यांनी देण्यासाठी बघितलं. तू फसवण्यासाठी बघतोस. मासे खाणाऱ्या घरातली आहे मी, धरू नको म्हणत नाही. पण ज्याची भूक तुला एवढी कळते, त्याचं बाकीचंही कळून घे."

मुलगा काही बोलला नाही. आजीचं म्हणणं मला मोलाचं वाटतं. दुसऱ्याला नीट ओळखलं की त्याला गाठणं सोपं होतं, आणि त्याच घडीला त्याची काळजी घेणंही आपल्या वाट्याला येतं.

पुढच्या पावसाळ्यात तो धाकट्या भावाला घेऊन शेताकडच्या डोहावर गेला. मरळीसाठी रबरी बेडूक लावला होता. शेवाळाच्या कडेला पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक गोळा वर आला, हवा घेऊन खाली गेला, पुन्हा वर आला. मरळीची पिल्लं. खाली पाणी जडपणे हललं.

"दादा, टाक ना! नक्की घेईल!"

"घेईल रे. पण भुकेने नाही घेणार. पिल्लांवर कोणी आलं म्हणून धावून येईल. आई-बाप दोघं राखण करतात त्यांची. ते गेले तर संध्याकाळपर्यंत दुसरे मासे ही सगळी पिल्लं खाऊन टाकतील."

त्याने बेडूक सोडवून पेटीत ठेवला. दोघे ओढ्याच्या खालच्या अंगाला गेले, ओल्या मातीत गांडुळं शोधली, आणि वाहत्या पाण्यात कालवणापुरत्या खवल्या काढून घरी आले.